विहिरीपासून न हललेले अभिमन आबा

कल्पना करा, तुमच्या विहिरीच्या पाण्याचा निवाडा परदेशातल्या एका खोलीत होणार आहे आणि तुमची बाजू पडू नये म्हणून तुम्हाला काहीतरी करायचं आहे. काय कराल? नरडाण्याकडच्या एका खेड्यातल्या अभिमन आबांनी गाव सोडणं बंद केलं.

त्यांच्या गावात बांधाचा तंटा बांधावरच बसून मिटवतात. शेताचा मालक तेव्हा तिथे नसला, तर त्याने हक्क सोडला असं पंच धरतात. परदेशी कंपनीच्या रंग कारखान्यामुळे आबांच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं. सरकारने कारखाना बंद केला, तर कंपनीने दोन देशांतल्या जुन्या गुंतवणूक कराराच्या जोरावर सरकारलाच परदेशातल्या लवादापुढे खेचलं. आबांना वाटलं, पंच पाहणीला येतील. मोतीबिंदू पिकला होता, मुलगा ऑपरेशनसाठी सुरतेला बोलावत होता, आबा हलेनात.

धुळ्याला कायदा शिकवणारी त्यांची पुतणी सारिका एकदा घरी आली.

"आबा, इथे कोणी येणार नाही. कंपनी आणि सरकारने निवडलेले पंच तिकडेच ठरवतील."

"मंग असा पंच कसाले ठेवतस?"

"त्यावरच देशादेशांत वाद आहे. काही म्हणतात, कायमचे न्यायाधीश नेमा, वर अपील ठेवा. काही म्हणतात, करारच मोडा. कंपनीने आधी इथल्या कोर्टात यावं."

"आन आपलं सरकार?"

"बरेच जुने करार मोडले. पण आधी आलेल्या कंपन्यांना त्यानंतरही काही वर्षं संरक्षण राहतं."

"म्हनजे सोडचिठ्ठी व्हयनी, तरी जवाई घरमाच!" चुलीपुढून पुष्पाबाई, आबांच्या पत्नी, म्हणाल्या.

सारिका हसली. आबा हसले नाहीत.

"सरकारनी तडजोड करी टाकी तर?"

"कारखाना पुन्हा सुरू होऊ शकतो."

"नवा न्यायाधीश माले बलावतीन?"

"लेखी म्हणणं घेतील कदाचित. बोलावतीलच असं नाही."

"आन इथला कोर्टमा?"

"अर्ज करता येईल. पण हा खटला तिकडेच चालू आहे, आबा. तुम्ही सुरतेला जा."

पुष्पाबाईंनी पिशवी भरली. ती अजून खुंटीला आहे. आबांचा उजवा डोळा आता गेला. डाव्याने ते विहिरीत वाकून पाहतात, पाण्याचा रंग त्यांना कळत नाही. भेटेल त्याला विचारतात,

"इहीर मन्ही शे. मंग तिना निवाडा मन्हाबिगर कसा व्हस?"