कर्ण्याची वायर

पंख्याची मोटर जळल्याचा वास आला की मला दुष्काळातलं एक लग्न आठवतं. बैल विकून आमच्या ह्यांनी लग्नात गाणी वाजवायचं व्हॉल्वचं मशीन अन् कर्णा घेतला व्हता. गारखेड्यात त्याच्यावरच आमचं पोट. त्या लग्नात हे पंगतीत जेवायला बसले, तवा मांडवाशेजारच्या घरातली आजारी म्हातारी मला म्हणली, “बाई, डोकं फुटायलंय, बंद कर की.” मशीनच्या बटनाला हात लावायचा नाय अशी मला ताकीद व्हती, म्हणून बैलाचं जू काढावं तशी मी कर्ण्याची वायर काढली. गाण्याची तबकडी फिरतच व्हती. जरा वेळानं मशीनमधून धूर निघाला. हे खरकट्या हातानं पळत आले. “अगं, कर्णा म्हंजे त्याचं ओझं! ओझं काढलं की ते आतल्या आत जळतं.” मी म्हणलं, “बैल तर नाय जळत.” वऱ्हाडी हसले. मशीन गेलं, अन् दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. ह्यांनी पुन्हा तो विषय काढला नाय. आता हे नायत. पण वाटतं, तवाच चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.