कुंकवाची खूण

विश्राम भित्रा होता हे सगळ्या मालवणला ठाऊक होतं, आणि त्यालाही ते नाकबूल नव्हतं. बाप होडीवरचा तांडेल, दोघे भाऊ मासेमारीच्या मचव्यावर, आणि हा गुडघाभर पाण्यात उतरला तरी कुलदैवताला हाक मारणार. घरच्यांनी शेवटी कंटाळून त्याला बाजारपेठेत भाईंच्या छापखान्यात चिकटवून दिलं. तिथे मात्र तो रमला. लग्नपत्रिका असो की दशावताराच्या नाटकाचं हँडबिल, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवताना त्याची बोटं अशी चालत, की भीती म्हणून काही असते हे तो विसरून जाई. त्याची सगळी जवानी त्या खिळ्यांत गेली.

अठ्ठ्याऐंशी साली भाईंनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. साधासुधा नव्हे, दोन पडद्यांचा. एका हिरव्या पडद्यावर मजकूर टाइप करायचा आणि शेजारच्या रंगीत पडद्यावर अख्खं पान, छापल्यावर दिसेल तसं, चौकटीसकट बघायचं. दोन पडद्यांसाठी कॉम्प्युटरच्या पेटीच्या आत दोन वेगळी कार्डं होती. भाईंनी विश्रामला स्पष्टच सांगितलं, की तू जोडून चालवून दाखवलंस तर खुर्ची तुझी, नाहीतर म्हापशाहून भाच्याला बोलावतो, तो कॉम्प्युटर शिकलाय. खिळे भंगारात जाणार हे तर ठरलेलंच होतं. ह्या वयात दुसरीकडे कोण विचारणार, ह्या विचाराने विश्रामचं धाबं दणाणलं. बायकोला, सीतेला, त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिने आपल्या माहेरची, धामापूरच्या भगवतीची कुंकवाची पुडी त्याच्या खिशात घातली आणि तो कॉम्प्युटर आणायला पणजीला गेला.

पणजीच्या दुकानातल्या इंजिनिअरने सगळं जोडून दाखवलं, परत सुटं केलं आणि शेवटी एक गोष्ट बजावली. पेटीच्या मागे दोन कार्डांची दोन भोकं आहेत, दिसायला अगदी एकसारखी. कुठलीही वायर कुठल्याही भोकात बसते. पण हिरव्या पडद्याची वायर चुकून रंगीत कार्डात गेली, तर पडदा शिट्टी मारतो आणि आतून जळतो. जळला की संपला. विश्रामने खिशातली पुडी काढली आणि हिरव्याच्या भोकाशेजारी कुंकवाचं ठळक बोट ओढलं. आता डावं-उजवं लक्षात ठेवायची कटकटच नको. इतक्या वर्षांत आपल्याला सुचलेली ही पहिली हुशारी, असं त्याला वाटलं. येताना एसटीत दोन्ही पडदे पायाशी ठेवून पेटी मांडीवर घेऊन तो बसला, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी आवळत होता.

मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. नवीन यंत्र छापखान्यात यायचं म्हणजे पूजा हवी, देवाला साकडं घालणारं गाऱ्हाणं हवं. विश्राम नारळ आणायला बाजारात गेला तेवढ्यात भाईंच्या आईने, नर्मदाकाकीने, पूजेची तयारी केली. तिला पेटीच्या मागे कसलातरी लाल डाग दिसला. देवापुढे मळकी वस्तू कशी ठेवायची? काकीने ओल्या फडक्याने पेटी पुढूनमागून लख्ख पुसली आणि मग मनापासून हळदकुंकू लावलं. पडद्यांना लावलं, पेटीला लावलं, आणि मागच्या त्या दोन भोकांनाही, दोघांना सारखंच.

विश्राम नारळ घेऊन परत आला, पेटीच्या मागे वाकला, तर त्याची खूण गायब, आणि दोन्ही भोकांना काकीचं हळदकुंकू सारखंच लागलेलं.

छापखान्यात पाहुणे जमले होते. पणजीला फोन लावायचा तर ट्रंक कॉल, तो कधी लागेल याचा भरवसा नाही. सांगावं तर काकीचा एवढ्या लोकांसमोर पाणउतारा होणार, आणि भाईंना म्हापशाचा भाचा आठवणार. तिकडे गंगाराम गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या कामात काय अडथळो आसात, तो दूर कर रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. विश्रामही म्हणाला, पण आवाज काही फुटला नाही. नारळ फुटला. त्याने डोळे मिटले आणि हिरव्याची वायर डावीकडच्या भोकात खुपसली, रंगीतची उजवीकडे.

कळ दाबली. रंगीत पडद्यावर तुटक्या रेघा धावायला लागल्या, आणि हिरव्यातून बारीक, कानात शिरणारी शिट्टी सुरू झाली. विश्रामने झडप घालून भिंतीतला प्लग उपटला. शिट्टी थांबली. आत जळलं की वाचलं, हे कोणालाच कळायला मार्ग नव्हता.

काय झालं म्हणून भाईंनी विचारलं. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"भाईनू, खंयची वायर खंय, ता माका म्हायत नाय," तो म्हणाला. "कुंकवाची खूण केललंय, ती पुसली गेली. मी अंदाजान जोडलंय."

भाईंचा चेहरा लाल झाला. आधी सांगायला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं, तेही अगदी हळू आवाजात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. विश्रामने मान खाली घालून वायरींची अदलाबदल केली, प्लग परत लावला. पण कळीपर्यंत हात गेला आणि तिथेच अडला. सगळा जन्म त्याने भीती एकट्यानेच गिळली होती, आता ती गिळवेना.

"बाजूक हो, विश्राम," मागून नर्मदाकाकी म्हणाली. "खूण मी पुसलंय. कळ मीच दाबतंय. पडदो जळलो तर माज्या नावार."

तिने कळ दाबली. शिट्टी आली नाही. पण हिरवा पडदाही काळाच राहिला. विश्रामला वाटलं, संपलं, खुर्ची गेली. त्याने काकीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

मग काचेच्या आत हळूहळू उजेड चढला आणि हिरवी अक्षरं उमटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाईंनी खुर्ची पुढे सरकवली. विश्राम लगेच बसला नाही. तो आधी काकीच्या पाया पडायला वाकला, आणि तिथेच, एवढ्या लोकांत, हुंदके देऊन रडला.