कोचने काढून घेतलेला चेंडू

परवा इथे आखातात, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात एका दुकानापाशी तेल लावलेल्या चामड्याचा वास आला आणि लेकीचा बेसबॉलचा हातमोजा आठवला. ती तेव्हा अकरा वर्षांची असेल. आम्ही शहरातल्या अल सद्द भागात राहायचो आणि शुक्रवारी सकाळी मी तिला मैदानावर न्यायचे. तिथले कोच अमेरिकेत व्यावसायिक पिचर होते, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणारे. त्या दिवशी सामना होता. दमट हवेनं चष्म्यावर वाफ धरत होती, पण लेक असे चेंडू फेकत होती की समोरच्या मुलांच्या बॅटी नुसत्या हवेत फिरत होत्या. शेवटचा एक गडी उरला असताना कोच मैदानात गेले, तिच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि म्हणाले, "खलास. इनफ." सामना आम्ही हरलो. मी तावातावानं जाऊन इंग्रजीत विचारलं, "तिचं काय चुकलं?" त्यांनी बाही वर सरकवली. कोपरावर टाक्यांचा लांबलचक व्रण होता. "काहीच नाही," ते म्हणाले. "मी तिच्याएवढा असताना मला कोणी थांबवलंच नाही." गाडीत लेक हुंदके देत म्हणाली, "आय वॉजन्ट इव्हन टायर्ड, आई!" मला तिचंही खरं वाटलं. ती परत मैदानावर गेलीच नाही. आज तिचा हात धडधाकट आहे. त्या माणसाचे आभार मानावेत की त्याच्यावर रागवावं, हे मात्र मला अजूनही कळत नाही.