इंजिनाला आग्रह

आत्याच्या घरी कुठलीही नवीन वस्तू आली की आधी तिचा बघण्याचा कार्यक्रम होतो. मिक्सरचा झाला, गादीचा झाला. इंजिन ऑईलचा होईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मी शिकलो बार्शीत, नोकरी बेंगळुरूत, आणि राहायला तिथल्याच पीण्या भागात आत्याकडे. काका, म्हणजे आत्याचे यजमान, सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेत. त्यांची मुलगी, माझी ताई, आठवडाभर मारतहळ्ळीच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि रविवारी रेसिंग कार्ट पळवते. कार्ट म्हणजे जमिनीला टेकलेली बिनछपराची बुटकी गाडी. मागे छोटं फोर स्ट्रोक इंजिन. दिसायला गवत कापायच्या मशीनचं चुलत भावंड, पण स्वतःला विमान समजतं.

त्या इंजिनाचा आवाज मी हुबेहूब काढतो. बाथरूममध्ये तर फारच छान घुमतो. शेजारच्या अक्का खिडकीतून ओरडतात, "गाडी ऑफ माडप्पा!" म्हणजे, बंद कर बाबा ती गाडी.

गेल्या सीझनला ताईचं जुनं इंजिन भर रेसमध्ये जाम झालं. ऑईल चुकलं होतं. तेव्हा आत्याने जाहीर केलं, "हे नवीन शेवटचं. हे जाम झालं तर हेल्मेट भंगारात, आणि मी सांगेन त्या मुलांसमोर गपचूप बसायचं." ताई हसली नाही. आत्या असलं काही बोलली की करते.

म्हणून टीपॉयवर तीन बाटल्या मांडून ऑईल निवडायला बसलो. सवयीने आत्याने पोहेसुद्धा केले होते.

"हे कुठलं?" आत्याने पहिली बाटली उचलली.

"खानदानी आहे," काका म्हणाले. "घट्ट. माझ्या स्कूटरने जन्मभर दुसरं काही घेतलं नाही."

मी लगेच घट्ट ऑईल झालो. पोट पुढे, आवाज खाली. "मी सकाळी लवकर उठत नाही हं. बेंगळुरूच्या थंडीत तर मला हाकाच मारू नका."

"आणि हे?"

दुसऱ्या बाटलीसाठी मी पुण्याचा झालो. "काकू, ॲक्च्युअली मी खूप फास्ट आहे. पातळ आहे ना, सो कुठेच अडत नाही."

"अंगात काही दिसत नाही याच्या," आत्या बाटली हलवत म्हणाली. "टिकेल का हा?"

"तेच तर बघायचंय," ताई म्हणाली. "माकडा, तू गप्प बस जरा. आई, या इंजिनाला ऑईलचा पंप नसतो. खाली एक चमचा असतो, तो फिरता फिरता ऑईल उडवतो. त्यावरच सगळं चालतं. ऑईल घट्ट असलं की चमच्याची ताकद त्यातच जाते. फार पातळ असलं की तापल्यावर थर टिकत नाही, लोखंडावर लोखंड घासतं."

"म्हणजे आमटीसारखं," आत्या म्हणाली. "पळीला जड नको, पण भाताला धरून राहायला हवी."

"अगदी तसंच."

तिसरी बाटली अशाच इंजिनांसाठी बनवलेली. सिंथेटिक, पातळ, पण तापल्यावर टिकणारी. तिचा आवाज काढायला मी तोंड उघडलं, तर तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी पोहे तोंडात घातले.

"फिल्टर नाही, त्यामुळे प्रत्येक रेसनंतर ऑईल बदलायचं," ताई म्हणाली.

"एका दिवसात सोडायचं?" आत्याच्या मनातून ते स्थळ तिथेच थोडं उतरलं. पण काका म्हणाले, "सरी, चालेल, हेच." आणि ठरलं.

रविवारी ट्रॅकवर ताईने स्वतः मोजून ऑईल भरलं, डिपस्टिकच्या पट्टीवरची खूण बघितली आणि ड्रायव्हरांच्या मीटिंगला गेली. काकांनी चाकाखाली लिंबं ठेवली. मी चहा आणायला गेलो. परत आलो तर आत्या आणि काका कार्टच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे न बघता, देवळात उभं राहावं तसे उभे होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रेसच्या आधीची सरावाची फेरी सुरू झाली. लिंबं फुटली, कार्ट निघाली. आणि मी चहाचा घोट तसाच धरला. रोज मी काढतो तो आवाज हा नव्हताच. माझं इंजिन 'ङ्याँऽऽऽ' करतं. हे 'घळ्ळ... म्ममऽऽ' करत होतं. लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या पैजेनंतर आमच्या बार्शीच्या मामाचा येतो, तो आवाज.

मी कठड्यावर चढून ताईकडे बघत मामा झालो. पोटावर हात, डोळे अर्धे मिटलेले, ढेकर अर्धवट. पुढच्या वळणाला ताईने मला बघितलं. मागे पांढरा धूरही यायला लागला होता. ती सरळ आत आली.

डिपस्टिक काढली. ऑईल खुणेच्या कितीतरी वर.

"मी खुणेपर्यंतच भरलं होतं," ताई म्हणाली. "चमचा बुडालाय यात. फेस झालाय नुसता."

काका म्हणाले, "मी स्वल्पच घातलं. तळाशी एवढंसं दिसत होतं."

आत्या गर्रकन वळली. "अहो, तुम्ही पण?"

"पण म्हणजे?"

"अर्धपोटी कसं पाठवायचं पोरीबरोबर? मी म्हटलं, घे थोडं अजून."

इंजिन ऑईलला पोटभर वाढणारी माणसं जगात दुसरीकडे असतील असं मला वाटत नाही.

स्पीकरवर रेसची हाक आली. ताईने खालचा बोल्ट सैल केला आणि ओरडली, "भांडं! कुणीतरी भांडं द्या!"

आत्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, थालीपीठं काकांच्या ओंजळीत पालथी केली आणि पदराने डबा धरून इंजिनाखाली बसली. जास्तीचं ऑईल त्यात आलं. ताई मधेच बोल्ट घट्ट करून डिपस्टिक बघायची. "अजून थोडं," ती म्हणाली. आत्याने मान खाली घातली. "बास." खूण बरोबर जुळली.

ताई सगळ्यात मागून सुटली. पहिल्या वळणाला धुराचा शेवटचा धागा गेला आणि मग 'ङ्याँऽऽऽ'. काकांनी थालीपीठांसकट दोन्ही हात वर केले. मी पण ओरडत होतो, त्यामुळे खरं इंजिन कुठलं ते बाजूच्या टीमला कळेना.

ती शेवटून तिसरी आली. पण चालत्या इंजिनाने आली.

ताईने वापरलेलं ऑईल काढायला घेतलं तेव्हा आत्या इंजिनापाशी येऊन बसली. तिने तोच डबा पुढे केला.

"हा आता घरात नको. तुझ्या सामानातच राहू दे," ती म्हणाली. "दर वेळी लागेलच ना."

काका थालीपीठ खात होते. "ताई, आत्याचा विचार बदलायच्या आत झाकण पण माग," मी म्हणालो.