तारकर्लीच्या पडवीतले मुत्सद्दी

लोक तारकर्लीला डॉल्फिन बघायला जातात. मी गेलो एका भिंतीसाठी.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या मुत्सद्द्यांची टर उडवणारी जुनी छापील व्यंगचित्रं मी जमवतो. एका संचातली सहापैकी पाच माझ्याकडे आहेत. सहाव्यासाठी बारा वर्षं जीव टाकतोय. ते अचानक दिसलं एका घरगुती लॉजच्या फोटोत, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या मागे. बायको म्हणाली, "आणखी एक आणलंस तर तूही भिंतीवरच झोप." मी बॅग भरली.

पुण्याहून पहाटे निघा, कोल्हापूर-राधानगरीमार्गे फोंडा घाट उतरा. घाटात ट्रकच्या शेपटाला चिकटून जावं लागतं, म्हणून नऊ तास धरा. मालवणात सुरमईची थाळी चारशेला पडली. तीन वाट्या सोलकढी पिऊन, सौद्याची मनात तालीम करत मी तारकर्ली गाठली.

चित्र सामाईक पडवीत होतं. नकाशा अंथरलेल्या टेबलाभोवती पाच ढेरपोटे मंत्री. वर गोड हसू, टेबलाखाली लाथा. मी अर्धा तास व्याख्यान झोडलं. लॉज चालवणारे भाई तोवर शांतपणे कोळंबी सोलत होते.

"आजोबांनी बोटीवरसून हाडलेलां," म्हणजे बोटीवरून आणलेलं, ते म्हणाले. "माझी ना नाय. पण आबाचो अर्धो हिस्सो आसा. आधी तेका विचारा."

आबा म्हणजे थोरले भाऊ, पलीकडच्या अर्ध्या घरात राहणारे. अंतर बारा पावलं. पण काजूच्या बागेच्या वाटणीवरून दोघांत तीन वर्षं अबोला. आबा म्हणाले, "आधी तो काय म्हणता ता सांगा."

दोन दिवस मी ती बारा पावलंच तुडवत होतो. समुद्र पाहिला तो पडवीतून. शेवटी, मी पडलो युरोपच्या राजकारणाचा अभ्यासक, डाव टाकला. आबांना सांगितलं, भाईंनी होकार दिला. भाईंना सांगितलं, आबांनी दिला. आणि चित्र बांधायला पुठ्ठा आणायला मालवणात गेलो.

परतलो तर दोघे भाऊ पडवीत समोरासमोर उभे.

"तू हो म्हटलंस?" आबांनी विचारलं.

"मी खंय म्हटलंय? तूच म्हटलंस म्हणान ह्यांनी सांगल्यानी!"

तीन वर्षांनी दोघं बोलत होते आणि विषय मी होतो. मग आबांनी चित्रातल्या मधल्या मंत्र्यावर बोट ठेवलं. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खिशात होते.

"भाई, हो बघ रे, पुण्याचो पावणो!"

भाई हसता हसता खालीच बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र द्यायचं नाही, हे दोघांनी एकमताने ठरवलं. जेवायला मात्र आग्रहाने वाढलं, दोघांच्या मधे बसवून.

रिकाम्या हाताने घरी आलो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. भावांना बोलतं केल्याचं श्रेय तरी घ्यावं म्हटलं, पण ते कुणी देईना.

आठवड्याने आबांचा फोन आला. शेजारी भाईही होते. पडवीची भिंत मोठी आहे, तुमची पाचही चित्रं आम्हालाच द्या, असं दोघांचं म्हणणं.

"अहो, घरात विचारावं लागेल," मी सटकायला बघितलं.

"काल फोन तुमच्या मिसेसनी उचलल्यानी," भाई म्हणाले. "तेंनी हो म्हटल्यानी."

माझाच डाव माझ्यावर! मी पोट धरून हसलो आणि खरं-खोटं करायला बायकोला हाक मारत आत गेलो. ती स्टुलावर चढून तिसरं चित्र उतरवत होती.