म्हशीनं खाल्लेली वही

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, चार डाळिंबं आणि एक कोरी वही होती. वही कोरी होती, म्हणून तर हा प्रवास. आमच्या गोतावळ्यात जेवणानंतर गोष्ट सांगण्याचा मान कित्येक वर्षं माझा. पण गेल्या वेळी मी "एकदा काय झालं" म्हणताच भाची ईरा म्हणाली, "मावशी, भोपळ्याची का हरवलेल्या चपलेची?" पुढच्या रविवारी नवी गोष्ट नसेल तर माझी खुर्ची तिच्या बाबांना, म्हणजे माझ्या भावजींना मिळणार होती. भावजींच्या मोबाइलमध्ये दुबईचे चारशे फोटो आहेत. त्यातले तीनशे हॉटेलच्या खोलीचे.

म्हणून कोल्हापूर. तिथे लोक मोठ्यानं बोलतात. चोरून ऐकायचे कष्ट नाहीत.

हातकणंगल्याला एक बाई उतरल्या. हातात सायकलची घंटी, सायकल नाही. गर्दी दिसली की वाजवत चालल्या होत्या. मी लिहून घेतलं : कल्पना पहिली.

कोल्हापुरात मिसळ खाल्ली. मालकांनी "तिखट किती?" असं विचारलं नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून आपणच दही आणून ठेवलं. तेही लिहिलं. दुपारी गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर गेले, तर तिथला कुत्रा गुळाकडे ढुंकूनही बघेना. लिहिलं. निघताना बाटलीभर काकवी (गूळ होण्याआधीचा उसाचा पाक) घेतली. संध्याकाळपर्यंत सव्वीस कल्पना झाल्या आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

दिवेलागणीला दुधाच्या कट्ट्यावर पोचले. इथे गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून देतात. वही काढली, तर चिकट! बाटलीचं झाकण सैल राहिलेलं. वही उघडून कट्ट्यावर वाळत ठेवली आणि म्हशीकडे एकटक बघत उभी राहिले. सत्ताविसावी कल्पना!

"ओ पावणं!" गवळीअण्णा खेकसले. "टक लावून बघू नगासा. परकं माणूस बघाय लागलं की आमची राणी पान्हा सोडत न्हाय."

"मग कुठं बघू?"

"त्या औषधाच्या दुकानाकडं बघा की!"

मी आज्ञाधारकपणे पाठ फिरवली. मागे पेल्यात धारेचा आवाज सुरू झाला. छान. मग फाडल्याचा आवाज आला. मी वळले तेव्हा राणीच्या तोंडाबाहेर फक्त पुठ्ठ्याचा कोपरा होता.

"अण्णा! माझी वही!"

"व्हय की. खाल्ली." त्यांनी पुठ्ठा ओढून घेतला. "पिना न्हवत्या न्हवं?"

"दोऱ्यानं शिवलेली होती. पण त्यात सव्वीस कल्पना होत्या हो!"

"काय काय हुतं, सांगा बघू."

मी घंटीवाल्या बाई सांगितल्या. दह्याचं सांगितलं. गुळाला विटलेला कुत्रा सांगितला. दूध प्यायला आलेले चार जण हसले. चौथी कल्पना काही केल्या आठवेना. पाचवीही नाही.

"मग तीन तुमच्या," अण्णा म्हणाले. "बाकीचा तिचा चारा. आन् ताई, म्हस रोज पिळली न्हाय तर आटतीया. तुम्ही नुसतं साठवाय लागलाय."

त्यांनी फेसाळता पेला पुढे केला. बाकीच्या तेवीस कल्पना या दुधात उतरल्या असतील असं मनाशी धरून मी तो गटागटा प्यायले.

परतीच्या गाडीत वही नव्हती. शेजारच्या आजोबांना राणीची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणून सुरुवात बदलून समोरच्या जोडप्याला सांगितली. सातारा येईतो ती बरी जमली होती आणि आजोबा जागा बदलून गेले होते. आता मी रोज असंच करते. सुचलं की त्याच दिवशी कुणाला तरी ऐकवते. आमचे भाजीवाले हल्ली मला बघून कोथिंबीर आधीच पिशवीत घालतात.

त्या रविवारी मी खुर्चीत बसले. भावजींनी टीव्हीला मोबाइल जोडून तयार ठेवला होता. मी दातांचे ठसे उमटलेला पुठ्ठा वर धरला आणि म्हणाले, "एकदा काय झालं, एका म्हशीनं माझी अक्कल खाल्ली."

कुणी भोपळ्याचं नाव काढलं नाही. गोष्ट संपल्यावर ईरा सरकत जवळ आली आणि बाबांकडे बघत कानात कुजबुजली,

"मावशी, काकवी उरलीय का गं? बाबांच्या मोबाइलला लावू या."