फळीवरचा पेपर

"मावशी, खरं सांगा, चिठ्ठ्या कधी पाहिल्यात?"

काकांनी हे माइकवर विचारलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. कर्वेनगरच्या त्या सोसायटीचा हॉल माणसांनी भरलेला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मला राग आला नाही. लाजही वाटली नाही. ट्रे जड लागत होता, एवढंच आठवतं.

या काकांच्या घरी मी अकरा वर्षं काम करत होते. धुणं, भांडी, केर, फरशी. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मुलगा कंप्युटरच्या कंपनीत, हिंजवडीला. काकू माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, तरी मी त्यांची मावशी आणि त्या माझ्या काकू. घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. ते सगळे गावाला गेले की घर मीच उघडायचे, झाडांना पाणी घालायचे, बंद करायचे. अकरा वर्षांत एक चमचा इकडचा तिकडे झाला नाही.

टीव्हीवर प्रश्न विचारून बक्षिसं देणारे कार्यक्रम तेव्हा नवे होते. घराघरात वेड लागलं होतं. सोसायटीच्या वर्धापनदिनाला काकांनी सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवली. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या लिहिल्या आणि लाडवाच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवल्या. मी त्या टेबलाखालून झाडत होते. डब्याला हात लावला नाही. टेबल पुसताना तो उचलून बाजूलासुद्धा ठेवला नाही, भोवतीनं पुसलं.

मला चहा द्यायला बोलावलं होतं.

प्रत्येक विंगचा एक संघ. एकाला आलं नाही की प्रश्न दुसऱ्याकडे, कुणालाच आलं नाही की प्रेक्षकांकडे. काकांनी विचारलं, "बटाटा हा शब्द मराठीत कुठल्या भाषेतून आला?" एक म्हणाला इंग्रजी. दुसरा म्हणाला गुजराती. सी विंगचे एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "संस्कृत. सगळं संस्कृतातूनच येतं." प्रेक्षकांतही कुणाला येईना.

काका म्हणाले, "छान! आता आमच्या मावशींनाच विचारायचं राहिलंय."

लोक हसले. मी कप देत होते. म्हणाले, "पोर्तुगीज."

काकांनी चिठ्ठी उलटून पाहिली. हसू थांबलं. मग त्यांनी दुसरी काढली, मलाच विचारली. "बिदरी काम कुठल्या धातूवर करतात?" मी म्हणाले, "जस्तावर. थोडं तांबं मिसळतात. वर चांदीची नक्षी." तिसरी काढली. "आपल्याकडे टीव्ही रंगीत कधी झाला?" मी म्हणाले, "ब्याऐंशीला. एशियाड झालं त्या साली."

एका पोरानं टाळी वाजवली. त्याच्या आईनं त्याचा हात धरला.

मग माइकवरून चिठ्ठ्यांचं विचारलं गेलं. मी म्हणाले, "नाही पाहिल्या."

"मग कसं आलं?"

"वाचलंय."

"तुम्ही? कुठे?" पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

आता हे कुठे, ते सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. वडील मला सोडायला स्वतः यायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. छप्पन साली ते आमच्या गावाहून नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. आल्यावर म्हणाले, हिला शिकवायचं. चौथीनंतर ते वारले, शाळा संपली. पण वाचायचं सुटलं नाही. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर जुना पेपर घालतात. दर महिन्याला तो बदलायचं काम माझं. डबे उतरवायचे, फळी पुसायची, नवा घालायचा. घालण्याआधी मी वाचायचे. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी अशी माहिती यायची. बटाटा, बिदरी, टीव्ही, सगळं त्या फळ्यांवर होतं. डाळीच्या डब्याखाली, साखरेच्या डब्याखाली. हाताखालून गेलेलं माझ्या डोक्यात राहायचं.

आणि हे काकूंना माहीत होतं. त्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, पेपर वाचायला नाही ठेवलंय तुम्हाला. फळी पुसा." एकदा नाही, वर्षानुवर्षं.

म्हणून मी काकूंकडे पाहिलं. दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. हो, त्या वाचतात. एवढंच.

काकू शेजारणीला म्हणाल्या, पण मला ऐकू येईल अशा आवाजात, "डबा टेबलावरच होता हो. कुणावर किती लक्ष ठेवणार?"

तेव्हा कानात काही तरी बंद झालं. पुढचं सगळं लांबून आल्यासारखं ऐकू आलं.

त्यांचा मुलगा उठला. पोरगा वाईट नव्हता. म्हणाला, "बाबा, असं नको. चिठ्ठीत नसलेला एक प्रश्न विचारू. मावशींना आला तर विषय क्लोज." आणि माझ्याकडे वळून, "घाबरू नका मावशी, अगदी सोप्पा विचारतो. महाराजांचा राज्याभिषेक कुठल्या किल्ल्यावर झाला?"

चौथीत गुरुजींनी आम्हाला हे उभं करून म्हणायला लावलं होतं. उत्तर जिभेवर होतं. सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. एखादं पेन मिळालं असतं. सगळे हसले असते आणि घरी गेले असते. आणि मी चोर नाही, हे त्या दिवसापुरतं, त्यांच्या एका सोप्या प्रश्नापुरतं ठरलं असतं.

मी म्हणाले, "येतं. सांगणार नाही."

"म्हणजे येत नाही," सी विंगचे संस्कृतवाले म्हणाले.

पुढे बसलेलं पाच-सहा वर्षांचं पोर ओरडलं, "रायगड!" त्याला टाळ्या मिळाल्या.

मी ट्रे स्टेजवर ठेवला. कमरेची किल्ली काढली आणि लाडवाच्या डब्यावर ठेवली. वारज्याला घरी चालत गेले. रडले नाही. भात टाकला, जेवले.

त्या सोसायटीतली माझी आणखी दोन कामं चार दिवसांत सुटली. कारण कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी काकू आमच्या खोलीवर आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. "मावशी, झालं ते झालं. नवीन बाईला कुकरसुद्धा नीट घासता येत नाही. या तुम्ही उद्यापासून."

मी म्हणाले, "हॉलमध्ये सांगा."

"काय?"

"मी पेपर वाचते म्हणून तुम्ही मला बोलत होता, ते. त्याच लोकांसमोर. माइकवर."

"अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी काय मीटिंग बोलवायची?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी चोर ठरवलंत ना भर हॉलात?"

काकूंनी छत्री उचलली. त्या परत आल्या नाहीत. मीही गेले नाही.

मग मी खडकीला कामं धरली. दोन बस बदलून जायचे. आता वय झालंय, गुडघे दुखतात, तरी दोन घरं करते. नवं घर धरलं की पहिल्या दिवशी झाडूला हात लावत नाही. टेबलावरचा पेपर उचलते आणि बाईंच्या समोर उभी राहून पहिलं पान मोठ्यानं वाचते. कुणी हसतं, कुणी घड्याळ बघतं. वाचून झालं की सांगते, "मी वाचते. तुमच्या घरातला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जाणार आणि त्यावरचं मी वाचणार. चालत असेल तर झाडू कुठे आहे ते दाखवा."

तिघींना चाललं नाही. त्या तिन्ही घरांतून मी तशीच, उभ्या उभ्या परत आले. चौथीलाही चाललं नाही तर तिथूनही येईन.